पंख न हलवणारा पक्षी

सकाळचे सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. खिंडीच्या माथ्यावर घडीच्या खुर्चीत भिंगवाली बसली होती. दुर्बीण डोळ्यांना, कोपरं गुडघ्यांवर, पायांत मोज्यांवर मोजे. तिच्या मागे, तिच्याकडे पाठ करून, फळांच्या उलट्या खोक्यावर तिची नणंद बसली होती. नणंदेच्या मांडीवर वही आणि हातात पेन्सिल. पेन नाही, कारण या दिवसांत वर पेनाची शाई निम्म्या वाटेत अडते.

"एक खरुची," भिंगवाली म्हणाली. "एकटीच. दक्षिणेकडे."

"सहा सव्वीस," नणंदेने त्या छोट्या ससाण्यापुढे लिहिलं. "चार मिनिटं लेट. काल बावीसला गेली होती."

"ती कालची कशावरून?"

"मग आजची गाडी वेगळी म्हण. पण लेट आहे."

नणंदेने तीस वर्षं बस स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण जे काही एका दिशेने येतं आणि दुसऱ्या दिशेने जातं ते अजूनही तिच्या लेखी गाडीच होतं. पाकोळ्यांचा थवा म्हणजे सहल, एकटा गरुड म्हणजे विनाथांबा. थोडा वेळ घिरट्या घालून आल्या वाटेने परत जाणारी गावची घार तिला मुळीच आवडायची नाही. अशा गाडीला डेपोत बोलावून जाब विचारला असता, असं ती म्हणायची.

दर शरदात उत्तरेकडचे पक्षी थंडीच्या आधी डोंगर ओलांडतात, आणि ओलांडायला सगळ्यात सोपी जागा ही खिंड. सहा आठवडे, रोज सकाळी सव्वासहा ते साडेदहा, इथे मोजणी होते. तिचा नियम एकच आहे आणि तो पहिल्या वर्षापासून बदललेला नाही. जी बघते तिने लिहायचं नाही, जी लिहिते तिने वर बघायचं नाही. दोघींनी बघितलं तर एक पक्षी दोनदा धरला जातो, नाहीतर भांडण होतं. शिवाय लिहायला मान खाली गेली की तेवढ्यात एखादा निसटतोच. बघणारी ती नजर, लिहिणारी ती लेखणी. नजरेला खुर्ची, लेखणीला खोकं.

भिंगवाली एकोणीस शरद नजर होती. नणंद अकरा शरद लेखणी. या अकरा वर्षांत नणंदेने चाळीस हजारांवर पक्षी लिहिले आणि पाहिले फार तर हजार-बाराशे, तेही चहाच्या सुट्टीत. हे ती महिन्यातून दोनदा तरी ऐकवायची.

भिंगवालीला नजरेची जागा मिळाली ती घड्याळामुळे. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तेव्हाचा वनपाल तिथे मनगटी घड्याळ घेऊन आला. उघडताना केसाएवढी स्प्रिंग उडाली आणि जिन्याखालच्या अंधारात गेली. भिंगवालीने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं, एकदा जमिनीवरून नजर फिरवली आणि चिमट्याने स्प्रिंग उचलली. वनपालाने घड्याळाचं पुढे काही विचारलंच नाही. पक्षी मोजाल का, एवढंच विचारलं.

आता तो वनपाल निवृत्त झाला होता. त्याच्या जागी आलेला नवा उत्साही होता आणि रोजचा तक्ता संध्याकाळी मनापासून वाचायचा. सगळी भानगड त्यातून झाली.

नऊ दिवसांपूर्वी, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असताना, भिंगवालीला समोरच्या सुळक्याच्या उजव्या हाताला, खूप वर, एक पक्षी दिसला. लहान, गडद, एकटा. तिने नीट बघायला दुर्बीण वळवली तर तो बाजूला सरकला. पुन्हा वळवली, पुन्हा सरकला. मग ती स्थिर राहिली तेव्हा तो सावकाश खाली उतरत गेला, आणि तिने पापणी मिटून उघडली तोवर एकदम वर उसळला. पंख एकदाही हलवले नाहीत.

"एक अज्ञात," ती म्हणाली होती.

लेखणी थांबली. एकोणीस वर्षांच्या वह्यांत अज्ञात हा शब्द बोटांवर मोजण्याइतका होता, आणि त्यातले बहुतेक धुक्यातले. नणंदेने विचारलं, शेपूट? दिसली नाही. पंखांची टोकं? दिसली नाहीत. जातोय कुठे? तेही सांगता येत नाही.

"पाटी नसलेली गाडी," नणंद म्हणाली आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मध्ये दोन दिवस ढग होते तेव्हा आला नाही, ऊन पडलं तसा हजर. भिंगवाली वर्णन बारकाईने सांगायची, कारण बारकाई हाच तिचा धंदा होता: आवाज करत नाही. फक्त स्वच्छ आकाशात येतो. फार बुजरा, नजर रोखली की पळतो. इतर पक्षी त्याची दखल घेत नाहीत. परवा एक ससाणा सरळ त्याच्या अंगावरून गेला, दोघांनाही काही वाटलं नाही. नणंदेने हे सगळं लिहिलं आणि दर नोंदीच्या शेवटी आपल्या मनाने एक प्रश्नचिन्ह काढलं. चहाच्या सुट्टीत तिने चार दिवस सुळक्याकडे बघून मान मोडून घेतली. तिला काही दिसलं नाही. भिंगवाली म्हणाली, त्यासाठी नजर लागते. नणंद त्या दिवशी उतरताना एक शब्द बोलली नाही, आणि हे तिच्या स्वभावात नव्हतं.

वनपालाने मात्र तक्ता वाचून वरच्या कार्यालयाला कळवलं. तिथून राजधानीतल्या पक्षीशास्त्रज्ञ बाईंना कळलं. आणि आज, सातव्या का आठव्या नोंदीच्या दिवशी, वनपाल स्वतः खिंडीत येऊन सांगून गेला की बाई उद्या पहिल्या गाडीने येत आहेत, टेलिस्कोप घेऊन, दहा दिवस राहायच्या तयारीने.

"आठवी," नणंद वहीतून मान वर न करता म्हणाली. "आणि पहिली गाडी सहा पाचची. वेळेवर असते, मी नसले तरी."

भिंगवालीने त्या सकाळी एकशे चाळीस पक्षी मोजले. डोंगर उतरताना ती चक्क गुणगुणत होती.

दुकान तिच्या नवऱ्याने उघडून ठेवलं होतं. शरदात त्याचं काम एवढंच, की साडेनऊला कुलूप काढायचं आणि येईल त्याला "बाई डोंगरावर आहेत" असं सांगायचं. ती आली की तो आपल्या शिंपीकामाकडे जायचा. टेबलावर बस स्टँडचं घड्याळ पडलं होतं. हे मोठं, परातीएवढं, पांढऱ्या एनॅमलच्या तबकडीचं. आठवडाभर रोज नऊ मिनिटं मागे पडत होतं. तिने काटे काढले, तबकडी सुटी केली, तिच्यावरचे माशांचे ठिपके ओल्या कापसाने पुसले आणि कुठे राहिलंय का ते बघायला दिव्याखाली धरली.

दोनच्या आकड्यापाशी एक ठिपका राहिला होता. तिने कापूस नेला. ठिपका तीनच्या आकड्याकडे सरकला.

तिने कापूस खाली ठेवला. ठिपका सावकाश चारच्या, मग पाचच्या आकड्याकडे उतरला. तिने पापणी मिटून उघडली. तो एकदम वर, बाराच्या आकड्यापाशी उसळला. लहान, गडद, एकटा. आवाज करत नव्हता.

बिघाड शोधताना ती जे करते तेच भिंगवालीने केलं, एकेक भाग वेगळा करून बघितला. डावा डोळा झाकला, पक्षी होता. उजवा झाकला, पक्षी गेला. दिवा बंद केला, पक्षी गेला. दिवा लावून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं, तर तो भिंतीवरून शांतपणे कॅलेंडरकडे निघाला होता.

घड्याळ मागे पडतं हे कळलं की पहिला प्रश्न असतो, कधीपासून. तिने यंदाची वही आणि कपाटातून गेल्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या आणि अज्ञात शोधले. यंदा आठ, सगळे स्वच्छ आकाशातले, सगळे उजवीकडे. गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात दोन, तशाच. त्याआधी एक सापडला, पण तो धुक्यातला, आणि शेपूट लांब असं स्पष्ट लिहिलेलं. तो खरा पक्षी. म्हणजे एकूण दहा. तिने दहाही तारखा घड्याळाच्या पावतीमागे लिहून काढल्या.

हिशेब सोपा होता, पुढचं सोपं नव्हतं. डोळ्यातला ठिपका पक्षी म्हणून मोजला हे सांगायचं, म्हणजे खुर्ची सोडायची. नुसती सोडायची नाही, तर नणंदेला द्यायची. शिवाय लोक म्हणणार, दहा ठिपके मोजले तर बाकीचे हजारो कशावरून पक्षी होते? आणि गावात घड्याळ देताना गिऱ्हाईक आधी तिच्या डोळ्यांत बघणार. उलट न सांगणं फार स्वस्त होतं. उद्या बाई बघतील, त्यांना काही दिसणार नाही, दहा दिवसांनी त्या कंटाळून जातील. पक्षी काही भेटीची वेळ देऊन येत नाहीत. थंडी वाढली, निघून गेला म्हणायचं.

पाच वाजता तिने वनपालाला फोन लावला. तो म्हणाला, बाई दुपारीच निघाल्या, काही निरोप आहे का? भिंगवालीने तोंड उघडलं आणि म्हणाली की काही नाही, बसायला आणखी एक काहीतरी लागेल, तेवढं घेऊन या.

फोन ठेवल्यावर तिचा तिलाच राग आला. नवऱ्याने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, स्टँडच्या घड्याळाचं काम उद्यावर जाईल. सकाळी निघताना तिने तबकडी फडक्यात गुंडाळून गेल्या वर्षीच्या वहीसोबत पिशवीत घातली. सांगायचं की नाही हे तेव्हाही ठरलेलं नव्हतं. पण तबकडी घेतली.

सहा पाचची गाडी वेळेवर आली, हे नणंदेने तिघांनाही ऐकवलं. शास्त्रज्ञ बाई पन्नाशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. पाठीवरचा टेलिस्कोप त्यांनी वनपालाला धरू दिला नाही. वर पोचल्यावर त्यांनी नणंदेच्या वहीतलं वर्णन उभ्यानेच दोनदा वाचलं, प्रश्नचिन्हावर बोट ठेवून नणंदेकडे बघितलं, आणि टेलिस्कोप सुळक्याच्या उजवीकडे लावला. आकाश कालच्यापेक्षाही स्वच्छ होतं. वनपालाने आणलेल्या स्टुलावर कुणीच बसलं नाही.

भिंगवालीने दुर्बिणीतून चार मधुबाज सांगितले, मग धोबी पक्ष्यांचा एक थवा सांगितला. पिशवी तिच्या पायाशी होती. तिच्या उजव्या डोळ्यात पक्षी वेळेवर आला, पण ती त्याच्याबद्दल काही बोलली नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी शास्त्रज्ञ बाई हळूच म्हणाल्या, "थांबा. आहे."

नणंद नियम मोडून गर्रकन वळली.

"सुळक्याच्या वर," बाई आयपीसवरून डोळा न काढता बोलत होत्या. "लहान. गडद. पंख हलवत नाही. खाली उतरतोय. बुजरा आहे खरा, मी वळले की सरकतो. तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे."

एकोणीस वर्षांत भिंगवालीला इतकं चांगलं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं. गप्प बसायला आता काहीच लागत नव्हतं. पुढचं सगळं बाईच करणार होत्या. नवा पक्षी जाहीर होणार, खुर्ची जागच्या जागी राहणार, आणि नणंदेला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. भिंगवाली हे सगळं एका श्वासात बघून मोकळी झाली. मग तिने पिशवीतून फडकं काढलं.

"बाई, जरा इकडे बघता?"

"आता नको, तो जाईल."

"नाही जाणार," भिंगवाली म्हणाली. "ह्याच्यावर बघा."

फडकं बाजूला झालं. नणंदेने तबकडी ओळखली.

"अगं, ही आमच्या स्टँडची. ही इथे काय करतेय?"

शास्त्रज्ञ बाई पांढऱ्या तबकडीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. त्यांची बुबुळं सातच्या आकड्याकडे गेली, मग आठच्या. भिंगवालीने त्यांना आधी एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. उजवा झाकला तरी पक्षी तिथेच. डावा झाकला की गेला.

"माझा उजव्यात आहे," भिंगवाली म्हणाली. "काल दुपारी कळलं. संध्याकाळी सांगायला फोन केला होता, पण जीभ वळली नाही."

वाऱ्याने वहीचं पान फडफडलं.

"म्हणजे," वनपाल अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हे दोन वेगळे पक्षी आहेत?"

"जोडी आहे म्हणायची," नणंद म्हणाली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते तीस वर्षं माईकशिवाय स्टँडच्या पलीकडच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या गळ्याचं होतं. खालच्या झुडपांतून चिमण्यांचा थवा उठला. तो कुणी मोजला नाही.

शास्त्रज्ञ बाई आधी हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, दोन्ही हातांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या की डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. वयाने डोळ्याच्या आत असे ठिपके तरंगायला लागतात, उजेडाकडे बघितलं की दिसतात, बहुतेक वेळा त्रास नसतो, पण तपासून घ्यावेत. घरच्या भिंतीवर तो दिसला की त्या त्याला ठिपका म्हणायच्या. मुद्दाम पक्षी बघायला आल्यावर तोच पक्षी झाला. एवढं बोलून झाल्यावर मात्र त्या हसल्या, आणि हसताना तबकडी त्यांच्या गुडघ्यावर थडथडत होती. नणंदेने ती काढून घेतली.

मग कामाचं बोलणं झालं. भिंगवालीने पावतीमागच्या दहा तारखा पुढे केल्या. बाईंनी प्रत्येक तारीख दोन्ही वह्यांत ताडून बघितली, नणंदेचं प्रश्नचिन्ह आठही ठिकाणी तपासलं आणि वनपालाला सांगितलं की दहा नोंदींवर एकेक आडवी रेघ मारायची, खोडून काढायच्या नाहीत, बाजूला कारण लिहायचं. बाकीच्यांना पंख आहेत, शेपट्या आहेत, जायची दिशा आहे, ते सगळे राहतील. चूक कधीपासून सुरू झाली हे इतक्या नेमकेपणाने सहसा कुणी आणून देत नाही, असंही त्या म्हणाल्या. स्वतःच्या दोन वर्षांच्या अज्ञातांचं काय करायचं याबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत. फक्त आपल्या डायरीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

"काय लिहू कारणात?" वनपालाने विचारलं.

"पक्षी निरीक्षकाच्या मुक्कामी होता," नणंद म्हणाली. वनपालाने ते लिहायला घेतलं होतं, बाईंनी थांबवलं.

राहिला खुर्चीचा प्रश्न. बाई सांभाळून म्हणाल्या की डोळे तपासून होईपर्यंत, म्हणजे नुसती काळजी म्हणून, काही दिवस नजर दुसऱ्या कुणी—

वाक्य पुरं व्हायच्या आत भिंगवाली उठली होती, आणि ती पूर्ण उठायच्या आत नणंद बसली होती.

"वन्सं, दुर्बीण माझी आहे, पट्टा गळ्यात घाला."

"अकरा वर्षं थांबले आहे, वहिनी. पट्टा काय, म्हणशील तर हेल्मेट घालते."

भिंगवाली फळांच्या खोक्यावर बसली. खोकं थंड होतं आणि एका बाजूला कलत होतं. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर महिन्यातून दोनदा सांगितलं होतं. तिने वही मांडीवर घेतली. मागून घोषणा सुरू झाली.

"उत्तरेकडून येणारे, दक्षिणेकडे जाणारे, मधुबाज, संख्या पाच, खिंडीच्या डाव्या बाजूने मार्गस्थ होत आहेत."

"नुसतं पाच मधुबाज म्हणा."

"पाच मधुबाज," नणंद म्हणाली, आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "अगं, खालून किती पट्टे असतात यांच्या शेपटीला. तू कधी बोलली नाहीस."

भिंगवालीने पाच लिहिले. पट्ट्यांसाठी वहीत रकाना नव्हता.

नऊच्या सुमाराला क्रौंच आले. त्यांचा आवाज आधी येतो, दुरून, खूप उंचावरून. एकोणीस वर्षं हा आवाज ऐकला की भिंगवालीची मान वर जायची, आणि तेच तिचं काम होतं. आता आवाज डोक्यावर आला. वनपाल आणि बाई, दोघांचीही तोंडं वर. तिने पेन्सिल घट्ट धरली. दोन सेकंद धरली. तिसऱ्या सेकंदाला तिने वर बघितलं.

"वहिनी," दुर्बिणीवरचे डोळे न काढता नणंद म्हणाली, "खाली बघ. पेन्सिल थांबली तुझी."

भिंगवालीने खाली बघितलं.

"क्रौंच, त्रेसष्ट," मागून आवाज आला. "नऊ वाजून चार मिनिटं. वेळेवर."

तिने त्रेसष्ट लिहिले. वर बघितलं तेव्हा तिलाही त्रेसष्टच दिसले होते, पण ते तिने सांगितलं नाही.

उद्या शुक्रवार. मोजणी सव्वासहाला सुरू होईल, खुर्चीत नणंद, खोक्यावर भिंगवाली. साडेअकराला नेत्ररुग्णालयात दोन वेळा ठरल्या आहेत, पहिली शास्त्रज्ञ बाईंची, दुसरी भिंगवालीची. तिथे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात आणि संध्याकाळपर्यंत जवळचं दिसत नाही, त्यामुळे दुकान बंद राहील. सहा पाचची गाडी उद्याही येईल, पण स्टँडच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता गोल डाग असेल. तबकडी शनिवारी बसणार आहे.